तीन ओळींची कडी

इटलीतल्या बोलोन्या शहरात १२६५ साली एक नवं दप्तर सुरू झालं. वीस लिरांहून मोठा कुठलाही व्यवहार, मग तो घराच्या विक्रीचा असो, कर्जाचा असो की मुलीच्या हुंड्याचा, या दप्तराच्या वहीत नोंदवावा लागे. वही नोटरीच्या ताब्यात. दोन नोंदींच्या मध्ये किंवा पानाच्या तळाशी कोरी जागा राहिली की नोटरीला धास्ती वाटायची, उद्या कुणी तिथे गुपचूप एखादी ओळ घुसडली तर? मग ते ती जागा भरून टाकत. पुष्कळदा कवितेने. १२८७ च्या वहीत एन्रिकेत्तो देल्ले क्वेर्चे नावाच्या नोटरीने असंच एक सॉनेट उतरवून ठेवलं. शहरातल्या गारिसेंदा नावाच्या कललेल्या मनोऱ्याकडे बघत राहिल्याबद्दल कवी आपल्याच डोळ्यांना बोल लावतो, अशी ती कविता. कवी होता दान्ते अलिग्येरी, फ्लोरेन्सचा, वय बावीसच्या आसपास. योगायोग म्हणजे त्याचा जन्मही १२६५ चाच.

वहीत कुणी लबाडी करू नये म्हणून ज्याची कविता वापरली गेली, त्या माणसावर पंधरा वर्षांनी त्याच्याच गावाने लबाडीचा ठपका ठेवला. आणि त्यानंतर त्याने जी कविता लिहिली, तिची बांधणीच अशी की मध्ये एक ओळही घुसडता येत नाही आणि एक ओळही गुपचूप काढता येत नाही. दान्तेबद्दल बोलताना लोक नरकाची चित्रं, बेआत्रीचे नावाच्या तरुणीवरचं प्रेम, मध्ययुगाचा सारांश वगैरे सांगतात. ते सगळं आहेच. पण त्याची खरी ताकद कळायची असेल तर ही बांधणी हातात घेऊन, कडी न् कडी तपासून पाहायला हवी असं मला वाटतं.

आधी ठपक्याची हकिकत. फ्लोरेन्समध्ये सत्तेचं पद मिळवायचं तर व्यावसायिक संघाचं सदस्य असावं लागे. दान्तेने १२९५ मध्ये वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात नाव घातलं. १५ जून ते १५ ऑगस्ट १३०० हे दोन महिने तो गावाच्या सहा प्रायरांपैकी एक होता, म्हणजे कारभाऱ्यांच्या सर्वोच्च मंडळात. तेव्हा सत्ताधारी ग्वेल्फ पक्षाचेच गोरे आणि काळे असे दोन तट पडले होते. दान्ते गोऱ्यांच्या बाजूचा. दंगा शमवण्यासाठी या मंडळाने दोन्ही तटांच्या पुढाऱ्यांना हद्दपार केलं. त्यात दान्तेचा सगळ्यात जवळचा मित्र, कवी ग्विदो कावालकांती होता. तिकडे तो आजारी पडला, आजारी म्हणून त्याला परत आणलं आणि त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. पदावर असताना स्वतःच्या मित्राला बाहेर काढणाऱ्या माणसाला पुढच्या दीड वर्षात तीच शिक्षा भोगावी लागली.

ऑक्टोबर १३०१ मध्ये दान्ते वकिलात घेऊन पोप बोनिफास आठवा याच्याकडे रोमला गेला. तो तिकडे असतानाच १ नोव्हेंबरला फ्रान्सच्या राजाचा भाऊ शार्ल द व्हाल्वा फ्लोरेन्समध्ये शिरला आणि काळ्यांनी गाव ताब्यात घेतलं. २७ जानेवारी १३०२ ला दान्तेच्या पाठीमागे निकाल लागला: पदाचा गैरवापर करून पैसे खाल्ले, म्हणून पाच हजार फ्लोरिन दंड, दोन वर्षं हद्दपारी, पुन्हा कधीही पद नाही. तो हजर झाला नाही, दंड भरला नाही. १० मार्चला दुसरा निकाल आला. सापडला तर जिवंत जाळा. फ्लोरेन्सच्या पुराभिलेखागारात हे निकाल ज्या ग्रंथात आहेत त्याला ‘खिळ्याचा ग्रंथ’ म्हणतात. दान्तेने पुन्हा फ्लोरेन्स पाहिलं नाही. १३१५ मध्ये माफी देऊ केली गेली, पण अट अशी की जाहीरपणे अपराध कबूल करायचा. त्याने पत्रातून कळवलं की सूर्य आणि तारे मला कुठूनही दिसतील, आणि भाकरीही मिळेल. ती शिक्षा फ्लोरेन्सच्या नगरपालिकेने ठराव करून मागे घेतली २००८ साली.

याच वनवासात, व्हेरोना, लुनिज्याना, पुन्हा व्हेरोना आणि शेवटी रावेन्ना अशा मुक्कामांत ‘कोमेदिया’ लिहून झाली. दान्ते स्वतःच नरकापासून स्वर्गापर्यंत प्रवास करतो असं हे दीर्घकाव्य. ‘डिव्हाइन कॉमेडी’तलं ‘डिव्हाइन’ हे विशेषण त्याचं नव्हे. १५५५ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ते पहिल्यांदा आलं.

आता बांधणी. तीन कांडं: नरक, शुद्धिलोक, स्वर्ग. सर्ग अनुक्रमे ३४, ३३, ३३. एकूण शंभर. ओळी ४,७२०, ४,७५५ आणि ४,७५८, मिळून १४,२३३. तिन्ही कांडांचा शेवटचा शब्द एकच, ‘स्तेल्ले’, म्हणजे तारे. सर्वांत आखूड सर्ग ११५ ओळींचा, सर्वांत लांब १६० चा, आणि कुठलाही सर्ग घेतला तरी ओळींच्या संख्येला तीनने भागल्यावर बाकी एकच उरते.

ती बाकी का उरते हे कळलं की सगळं कळतं. ओळी तीन-तीनच्या गटात येतात. पहिली आणि तिसरी ओळ यमकात, मधली ओळ मोकळी. पण मोकळी फक्त क्षणभर. तिचं यमक पुढच्या गटाच्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळीला जाऊन मिळतं, आणि त्या गटाची मधली ओळ पुन्हा पुढे हात करते. क-ख-क, ख-ग-ख, ग-घ-ग, असं चालत राहतं. साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या कडीत अडकलेली. सर्ग संपवायचा तर शेवटच्या गटाच्या मधल्या ओळीचा पुढे केलेला हात कुणीतरी धरायला हवा, म्हणून एक सुटी ओळ येते आणि साखळी बंद होते. पहिल्या सर्गाच्या १३६ ओळी मोजून पाहा: ४५ त्रिपद्या आणि वर एक ओळ. सबंध काव्यात ४,७११ त्रिपद्या आणि शंभर सुट्या ओळी.

आता यात लबाडी करून पाहा. एखाद्या नकलनविसाने ख-ग-ख ही त्रिपदी गाळली, तर मागच्या ‘ख’चं यमक एकटं लोंबकळत राहतं आणि पुढच्या ‘ग’ला तीनऐवजी दोनच ओळी उरतात. वाचणाऱ्याच्या कानाला लगेच ठेच लागते. कुणी स्वतःची त्रिपदी आत घातली, तर तिच्या बाहेरच्या ओळी मागच्या ‘ख’शी जुळवता येतील, पण तिची मधली ओळ ज्या यमकाची मागणी करील ते पुढे मिळणारच नाही, कारण पुढची मूळ त्रिपदी ‘ख’नेच सुरू होते. कुठूनही हात घाला, सांधा दिसतोच. सर्गाच्या अगदी कडेला काही जोडायचं म्हटलं तर तिथे सुटी ओळ कुलूप लावून बसलेली.

मराठी वाचकाला याचं मोल लवकर पटेल. ओवी स्वतःपुरती पूर्ण असते. तिचं यमक तिच्यातच संपतं, शेजारच्या ओवीशी तिचा यमकाचा काही करार नसतो. म्हणून ज्ञानेश्वरीत हव्या तिथे ओवी मिसळली तरी शिवण दिसत नसे. एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध करायला बसावं लागलं, आणि शेवटी बजावून ठेवावं लागलं की यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. एकनाथांना जो धाक शब्दांनी घालावा लागला तो दान्तेने छंदातच ओतून ठेवला. यात ओवीला कमी लेखायचं नाही. ओवी जात्यावर आणि कीर्तनात मोकळी फिरली ती याच सुटेपणामुळे.

एका ओळीच्या आत काय चालतं तेही पाहू. ओळ अकरा अक्षरांची. पहिली ओळ अशी: नेल-मे-द्झो-देल-कम्-मिन-दि-नो-स्त्रा-वी-ता. ‘आपल्या आयुष्यवाटेच्या मध्यावर.’ दहाव्या अक्षरावर आघात यायलाच हवा, इथे तो ‘वी’वर आहे. शिवाय चौथ्या किंवा सहाव्यावर एक आघात हवा, इथे तो ‘मिन’वर आहे. दुसरी ओळ ‘मी रित्रोवाइ पेर ऊना सेल्वा ओस्कूरा’ बोटांवर मोजली तर बारा भरतात आणि माणूस गोंधळतो. नवख्याची चूक इथेच होते. एका शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला की दोन्ही मिळून एक अक्षर धरायचं. ‘सेल्वा ओस्कूरा’मधले ‘वा’ आणि ‘ओ’ एका दमात म्हणायचे. आपल्या संधीसारखं, फक्त रूप बदलत नाही, दोन्ही स्वर ऐकू येतात. तिसरी ओळ, ‘के ला दिरित्ता वीआ एरा स्मार्रीता’, ‘कारण सरळ वाट हरवली होती’, हिच्यातही ‘आ’ आणि ‘ए’ असेच एकत्र येतात.

यमक म्हणजे शेवटचं अक्षर जुळणं एवढंच नव्हे. आघाताच्या स्वरापासून पुढचं सगळं जुळायला हवं. वीता, स्मार्रीता. मग ओस्कूरा, दूरा, पाऊरा. मग फोर्ते, मोर्ते, स्कोर्ते. या शब्दांचे नुसते अर्थ ओळीने ठेवले तरी बघा काय होतं: आयुष्य, हरवलेली. काळोखं, कठीण, भीती. दाट, मरण, पाहिलेल्या. गोष्ट ओळींच्या टोकांवरच सांगून झाली आहे. मराठीत हा छंद आणायचा प्रयत्न केला तर अडचण यमकांच्या टंचाईची येत नाही, ती इंग्रजीला येते. आपली अडचण उलटी आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे ओळीच्या टोकाला ‘गेले, आले, झाले’ असे प्रत्ययच येऊन उभे राहतात. साखळी जुळते पण कडी पोकळ निघते. दान्तेच्या टोकांवर मुख्यतः नामं आणि विशेषणं आहेत, वजनदार शब्द आहेत. मराठी रूपांतर करणाऱ्याने क्रियापद ओळीच्या पोटात ढकलून टोकाला नाम आणायची सवय आधी लावून घ्यावी, मगच यमकाच्या मागे लागावं.

एक शब्द मात्र त्याने कशाशीच जुळवला नाही. ख्रिस्ताचं नाव नरकात उच्चारलंच जात नाही, आणि स्वर्गात जिथे ते ओळीच्या टोकाला येतं त्या चारही ठिकाणी त्याचं यमक त्याच्याशीच: क्रिस्तो, क्रिस्तो, क्रिस्तो.

कुलूप पक्कं असलं तरी ते दाराचं असतं, घरातल्या भांड्यांचं नव्हे. यमक ओळींची टोकं आणि त्यांचा क्रम राखतं, ओळीच्या पोटातले शब्द राखत नाही. दान्तेच्या हातचं एक अक्षरही आज उपलब्ध नाही. तो १३२१ मध्ये गेला आणि तारीख असलेली सर्वांत जुनी प्रत १३३६ ची आहे, ती पियाचेन्झा शहरात आहे. एकूण हस्तलिखितं सुमारे आठशे. एक जुनी प्रत मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडून आलेली. फोर्टातल्या त्या उंच पायऱ्या रोज ओलांडणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. या शेकडो प्रतींत ओळींची संख्या सहसा ढळत नाही, पण शब्द ढळतात. पहिल्याच सर्गात सिंह चालून येतो तेव्हा काही प्रतींत हवा ‘त्रेमेस्से’, थरथरली, आणि काहींत ‘तेमेस्से’, भ्याली. फरक एका ‘र’चा. दोन्ही शब्द यमकात बसतात, म्हणून कुलपाने काहीच पकडलं नाही. जॉर्जो पेत्रोक्की या संशोधकाने १३५५ पूर्वीच्या २७ प्रती ताडून १९६६–६७ मध्ये पाठ सिद्ध केला, त्याने थरथरणं निवडलं. मलाही तेच बरोबर वाटतं. थरथरणारी हवा अंगाला जाणवते, भ्यालेली हवा कल्पनेनेच समजावी लागते. आणि दान्ते अंगाला जाणवणारी गोष्ट सापडत असताना दुसरीकडे जात नाही.

हे त्याच्या उपमांत दिसतं. नरकाचा विसावा आणि त्याच्या आगेमागचे सर्ग लोक घाईने वाचतात, पण मला एकविसावा सर्ग सगळ्यात जवळचा वाटतो. इथे उकळत्या डांबराचा खंदक आहे. डांबर कसं दिसतं हे सांगताना दान्ते व्हेनिसच्या आर्सेनालमध्ये, जहाजांच्या सरकारी कारखान्यात जातो. हिवाळा आहे, समुद्रावर जाता येत नाही, म्हणून मोडक्या जहाजांच्या डागडुजीसाठी डांबर रटरटतं आहे. कुणी नवं जहाज बांधतो. कुणी पुष्कळ सफरी केलेल्या जुन्या जहाजाच्या फळ्यांच्या फटींत तंतू ठासतो. एक नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकावर, हातोडा घालतो, एक वरामावर, मागच्या टोकावर. कुणी वल्ही करतो, कुणी दोर वळतो, कुणी धाकट्या शिडाला ठिगळ लावतो, कुणी थोरल्या शिडाला. तीन त्रिपद्यांत सबंध गोदी उभी. मग दोन ओळी येतात: तिथे खाली, आगीने नव्हे तर दैवी करामतीने, असंच दाट डांबर उकळत होतं.

आता या डांबरात कोण बुडालेत ते पाहा. सार्वजनिक पदावर बसून पैसे खाणारे. दान्तेच्या निकालपत्रात लिहिलेला गुन्हा हाच. नरकात बाकी सगळीकडे तो पाहुण्यासारखा फिरतो, इथे मात्र भुतं हातात आकडे घेऊन त्याच्यामागे लागतात आणि तो खडकाआड दडतो. बाहेर यायची वेळ येते तेव्हा आपली भीती सांगायला त्याला स्वतःची जुनी आठवण लागते: काप्रोनाच्या किल्ल्यातून शरण आलेले शिपाई, तहाचं अभय मिळूनही शत्रूच्या गर्दीतून चालताना असेच भ्यालेले त्याने पाहिले होते. ती लढाई १२८९ ची. त्याच वर्षी जूनमध्ये काम्पाल्दिनोच्या मैदानात तो स्वतः घोडदळात पहिल्या फळीत होता असं सांगतात. आरोपाचं उत्तर त्याने कुठेही युक्तिवादाने दिलेलं नाही. इतर बहुतेक पापांना एखादा सर्ग, या खंदकाला पुरते दोन आणि वर थोडं. माझ्या वाचनात तरी उत्तर तेच आहे.

अशी दुसरी एक जागा पंधराव्या सर्गात. अंधारात आत्म्यांचा एक जथा येतो आणि दान्ते व त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, या दोघा वाटसरूंकडे निरखून बघतो, अमावास्येच्या सुमाराला संध्याकाळी लोक एकमेकांकडे बघतात तसा. पुढे आणखी नेमकं सांगतो: म्हातारा शिंपी सुईच्या नेढ्याकडे बघताना भुवया आकसतो, तसं. त्यातला एकजण दान्तेच्या अंगरख्याचा काठ धरतो. चेहरा भाजून काढलेला, तरी दान्ते ओळखतो. तो त्याला शिकवणारा, वडीलधारा ब्रुनेत्तो लातीनी. आणि तोंडून निघतं, ‘तुम्ही इथे, सेर ब्रुनेत्तो?’

हा ‘तुम्ही’ मराठीत जसाच्या तसा येतो. इंग्रजीतून वाचणाऱ्याला तो कळतच नाही, कारण तिथे तू आणि तुम्ही एकच. नरकात दान्ते भेटलेल्या सगळ्यांना तू म्हणतो, पोपलासुद्धा. ‘तुम्ही’ फक्त तिघांसाठी: फ्लोरेन्सचा जुना पुढारी फारिनाता, मित्र ग्विदोचे वडील कावालकांते आणि ब्रुनेत्तो. स्वर्गात पणजोबांचे वडील काच्चाग्वीदा भेटतात तेव्हा अभिमानाने तो त्यांना ‘तुम्ही’ म्हणतो आणि जरा बाजूला उभी बेआत्रीचे, स्वर्गातली त्याची वाटाडी, हसते. बेआत्रीचेलाही तो तुम्हीच म्हणत आलेला असतो. एकतिसाव्या सर्गात ती त्याला सोडून दूर, वर, आपल्या जागी जाऊन बसते, आणि तिला उद्देशून केलेल्या शेवटच्या बोलण्यात पहिल्यांदा ‘तू’ येतो. तू मला दास्यातून मोकळं केलंस. ज्या भाषेत देवाला आणि आईला आपण तू म्हणतो, त्या भाषेच्या वाचकाला इथे टीप लागत नाही. म्हणून दान्ते इंग्रजीतून वाचताना शेजारी मूळ इटालियन असलेली आवृत्ती घ्यावी आणि ‘व्होई’ आणि ‘तू’ एवढे दोन शब्द तरी शोधत जावं. हो, इटालियनमध्येही ‘तू’ म्हणजे तूच.

काच्चाग्वीदा त्याला वनवासाचं भाकीत सांगतात. काव्यातला प्रवास १३०० च्या ईस्टरचा, शिक्षा अजून व्हायची आहे. ते म्हणतात, परक्याच्या भाकरीला कसं मीठ लागतं आणि परक्याचे जिने चढणं-उतरणं किती जड असतं ते तू अनुभवशील. मिठाचा अर्थ काही भाष्यकार अश्रूंशी नेतात, पण फ्लोरेन्सचा माणूस आधी पावच आठवतो. फ्लोरेन्स ज्यात येतं त्या टस्कनी प्रांताचा रोजचा पाव आजही अळणी असतो. एरवी किलोभर पिठाला वीस ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं, इथे पीठ, पाणी आणि खमीर एवढंच. मीठ नसल्याने कणीक भराभर फुगते, म्हणून आंबवण्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते, नाहीतर वेळ टळून पाव बसतो. मीठ कणकेला घट्टपणाही देतं. ते नसलं की ती सैल राहते, आणि साल फिकट निघते. पाव लवकर सुकतो, म्हणून शिळ्या पावाचे पदार्थ तिथे घरोघर: पाण्यात भिजवून, पिळून कांदा आणि व्हिनेगरमध्ये कालवलेला, किंवा पालेभाजी आणि घेवड्याच्या रश्शात पुन्हा शिजवलेला. खारवलेलं मांस भरपूर खारट असतं, त्याच्याशी हा पाव जुळतो. असल्या पावावर वाढलेल्या माणसाने व्हेरोनाला घास मोडला की पहिल्याच घासाला कळणार, आपण घरी नाही. वीस वर्षं रोज, दोन वेळा.

तो रावेन्नात गेला, १३२१ च्या सप्टेंबरात, १३ आणि १४ तारखेच्या दरम्यानच्या रात्री. व्हेनिसला वकिलात करून परतताना दलदलीच्या वाटेने ताप आला, बहुधा मलेरिया. वय ५६. पुढे फ्लोरेन्सला तो हवासा झाला. १५१९ मध्ये पोप दहावा लिओ याने अस्थी न्यायची परवानगी दिली. त्या अर्जावर मायकेलअँजेलोची सही आहे, समाधी मी करीन म्हणून. फ्लोरेन्सचे लोक गेले, कबर उघडली, आत जवळजवळ काही नाही. शेजारच्या फ्रान्सिस्कन मठातल्या साधूंनी आपल्या बाजूने भिंत फोडून अस्थी आधीच काढून नेल्या होत्या. १६७७ मध्ये फ्रा आंतोन्यो सांती याने त्या लाकडी पेटीत घालून वर नाव-तारीख लिहून ठेवली, आणि पेटी भिंतीत चिणली गेली. ती सापडली २७ मे १८६५ ला, दुरुस्तीचं काम चालू असताना. सांता क्रोचे चर्चमध्ये फ्लोरेन्सने बांधलेली भव्य समाधी रिकामीच आहे. रावेन्नातल्या समाधीतल्या दिव्याला दर सप्टेंबरात तेल येतं ते मात्र फ्लोरेन्सहून.

ज्यांना वाचायला सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. सर्ग सरासरी १४२ ओळींचा, मोठ्याने वाचला तर दहा-बारा मिनिटं. दिवसाला एक, म्हणजे सव्वातीन महिने. बहुतेकांचं गाडं अडतं ते टिपांमुळे. प्रत्येक नावाला थांबलं की साखळी तुटते. आधी सर्ग सलग वाचावा, मग टिपा, मग पुन्हा सर्ग. दुसरी चूक म्हणजे नरक संपला की पुस्तक ठेवून देणं. शुद्धिलोकात माणसं पहिल्यांदा एकमेकांना भेटून सुखावतात, गातात, पहाटेचा समुद्र दिसतो. तिथवर जावंच. आणि पहिल्या नऊ ओळी देवनागरीत लिहून घेऊन पाठ कराव्यात, अर्थ कळो न कळो. साखळी डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळते.

ती पाठांतरात कशी उतरते याचा सगळ्यात कठोर पुरावा १९४४ सालचा आहे, नाझींच्या आउशविट्झमधल्या मोनोविट्झ छावणीतला. तुरीनचा रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेव्ही आणि अल्सेसचा विद्यार्थी जाँ, दोघे दुपारचं सूप आणायला निघाले होते. येताना पन्नास किलोंचं भांडं दोन दांड्यांवर उचलून आणायचं. जाँला इटालियन शिकायचं होतं. लेव्हीने वाटेत नरकाचा सव्विसावा सर्ग म्हणायला घेतला, ग्रीक वीर युलिसीस स्वतःच सांगतो ती त्याची शेवटची सफर, आणि जमेल तसा फ्रेंचमध्ये उलगडून सांगू लागला. मधले तुकडे आठवत नव्हते. दुरून काळसर दिसणारा एवढा उंच डोंगर, की तसा कधी पाहिला नव्हता, इथवर तो पोचला. त्याने पुढे आपल्या आठवणींत या ओळी लिहिल्या तेव्हा मधले एकदोन शब्द मुळापेक्षा निराळे पडले, पण टोकं तीच: ब्रूना, तान्तो, आल्कूना. यानंतरचं निसटलं. त्यापुढच्या ओळी, जहाज पाण्यासकट तीनदा गरगरलं, त्या मात्र आठवत होत्या.

मोजून पाहिलं तर मधली एकच त्रिपदी हरवली होती. १३६ ते १३८. अलीकडून ‘तान्तो’ने हात पुढे केलेला, पलीकडून ‘आक्वे’ मागे हात करून उभा. म्हणजे बाहेरच्या दोन ओळी ‘आन्तो’च्या आणि मधली ‘आक्वे’ची, एवढं त्याच्यापाशी होतं. लेव्ही लिहितो की यमकांच्या आधारे ती पुन्हा उभी करायचा त्याने प्रयत्न केला, डोळे मिटले, बोटं चावली. ते टोक आणि शेवट सांधायला मिळाले असते तर त्या दिवसाचं सूप देऊन टाकलं असतं, असंही लिहितो. मोनोविट्झमध्ये एका वाटीची किंमत काय होती हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्रिपदी आली नाही. तिच्यात होतं ते असं: आम्हाला आनंद झाला, पण लवकरच त्याचे अश्रू झाले, कारण त्या नव्या भूमीवरून एक वावटळ उठली आणि तिने जहाजाच्या नाळेवर तडाखा दिला.

तोवर ते सुपाच्या रांगेत पोचले होते, निरनिराळ्या छावणीगटांच्या फाटक्या भांडेवाल्यांच्या गर्दीत. आज कोबी आणि शलगम, असं वेगवेगळ्या भाषांत पुकारलं गेलं. आणि लेव्हीला एकशे बेचाळिसावी ओळ आठवत होती, सर्गाची ती सुटी, शेवटची: मग समुद्र आमच्यावर मिटून गेला.